बर्फाचे घड्याळ

परीक्षा आटोपतात, शाळांना सुट्ट्या लागतात आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत उत्तरेकडे निघण्याची गडबड सुरू होते. कुणाचे मनालीचे आरक्षण झालेले असते, कुणाचे गंगटोकचे. कॉलेजातली मुले-मुली हिमालयातल्या गिरिभ्रमणासाठी नावे नोंदवतात. आई लोकरीची टोपी आणि लाडवांचा डबा बांधून देते, वडील औषधांची यादी पुन्हा पुन्हा तपासतात. बर्फाविषयी मात्र घरात कुणी फारसे बोलत नाही. हिवाळा सरला, ऊन पडू लागले, आता कसली भीती, अशी आपली साधी समजूत असते.

डोंगरात जन्मलेला माणूस असे मानत नाही. कडाक्याच्या थंडीतल्या बर्फाची भीती वेगळी आणि उन्हाळ्याच्या तोंडावरच्या बर्फाची वेगळी, हे त्याला ठाऊक असते. चैत्र-वैशाखातला बर्फ घड्याळाच्या काट्यांवर चालतो. पहाटे पाचला ज्या उतारावरून दहा वर्षांचे पोर चालत जाईल, त्याच उताराच्या पायथ्याशी दुपारी एक वाजता उभे राहायला जाणता वाटाड्या तयार होत नाही. उतार तोच, बर्फही तोच. मधल्या आठ तासांत त्या बर्फाच्या पोटात काय घडते, हे समजून घेतले तर सहल सुखाची होते आणि प्रसंगी जीवही वाचतो.

नथुलाच्या वाटेवर

४ एप्रिल २०२३. गंगटोकहून नथुला खिंडीकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर त्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांची वर्दळ होती. ही खिंड चौदा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. मध्यान्हीच्या सुमारास पंधराव्या मैलाच्या परिसरात वरच्या उतारावरचा बर्फ सुटला आणि थेट पर्यटकांवर येऊन आदळला. सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत एक बालकही होते. लष्कराचे जवान, सीमा रस्ते संघटनेचे कर्मचारी, पोलीस आणि स्थानिक लोक धावून आले, म्हणून अनेकांना जिवंत बाहेर काढता आले. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतचेच परवाने दिले होते, असे नंतर अधिकाऱ्यांकडून सांगण्यात आले.

गेलेल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हजारो रुपये खर्चून, दोन-तीन दिवसांचा प्रवास करून आलेल्या माणसाला दोन मैल पुढे अधिक शुभ्र बर्फ दिसत असेल तर त्याचे मन ओढ घेणारच. आपणही तिथे असतो तर कदाचित तेच केले असते. खरा प्रश्न असा, की रस्त्यावर उभ्या असलेल्या साध्या माणसाला डोक्यावरच्या उताराची प्रकृती कळावी कशी?

पाणी बांधते, पाणीच सोडवते

हिमालयात हिवाळाभर साचलेला बर्फ वरून एकसंध दिसला तरी आतून तसा नसतो. एकामागून एक पश्चिमी चक्रावात येतात आणि प्रत्येकाचा एक थर पडतो. कपाटात रचलेल्या चादरींच्या चळतीसारखे हे थर एकमेकांवर बसतात. काही घट्ट असतात, तर काही साखरेच्या दाण्यांसारखे सुटे. थंडी असेपर्यंत कणाला कण बर्फाच्याच बारीक सांध्यांनी जोडलेला राहतो.

ऊन तापू लागले की वरचा थर वितळतो आणि पाणी खाली झिरपू लागते. पुढे काय होते, ते दिवाळीत किल्ला केलेल्या कुठल्याही मुलाला समजेल. कोरडी माती ढासळते. थोडे पाणी शिंपडले की बुरूज झकास उभा राहतो. पण कुणी उत्साहाच्या भरात तांब्याभर पाणी ओतले की तोच बुरूज बसतो. बर्फाचेही तसेच आहे. थोडा ओलावा कणांना धरून ठेवतो. पाणी वाढले की कणांमधले सांधे वितळतात आणि कण एकमेकांना सोडतात. झिरपलेले पाणी खालच्या एखाद्या टणक थरावर किंवा गुळगुळीत खडकावर साचले, तर वरचा सगळा भार घसरायला मोकळा होतो. पाण्याने जड झालेला आणि आतून सुटलेला उतार काय करू शकतो, हे २०१४ मध्ये माळीणने आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडीने आपल्याला दाखवले आहे. तिथे पावसाने भिजलेला डोंगर होता, इथे उन्हाने भिजलेला बर्फ असतो.

नुकताच पडलेला कोरडा बर्फ हलका असतो. एका घनमीटरला साधारण १०० किलो. वसंतातला मुरलेला ओला बर्फ ४०० ते ५०० किलो भरतो. कोरडे हिमस्खलन ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने धूळ उडवत येते. ओले त्यामानाने सावकाश येते, पण ओढ्या-नाळेच्या वाटेने सगळे रेटत नेते आणि थांबल्याबरोबर सिमेंटसारखे आवळते. त्यात सापडलेल्या माणसाला हातही हलवता येत नाही.

ऐंशी कॅलरींचा हिशेब

शाळेत शिकलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापेल! मात्र वितळत असताना बर्फाचे तापमान वाढत नाही. सकाळी आठला त्यात उष्णतामापक खुपसला तर शून्य अंश, आणि दुपारी एकलाही शून्य अंश. आकडा हलत नाही, पण आतली परिस्थिती पार पालटलेली असते.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. दिवसभरात झालेले पाणी पुन्हा गोठायचे तर ती सगळी उष्णता बाहेर टाकावी लागते. पहाटेच्या तास-दोन तासांच्या गारठ्याने ते होत नाही. त्यासाठी लांब, थंड आणि निरभ्र रात्र हवी. अशी रात्र मिळाली की ओले कण पुन्हा एकमेकांना घट्ट चिकटतात आणि सकाळचा उतार फरसबंदीसारखा टणक होतो. म्हणून वसंतात बर्फाची पारख करणारा माणूस आदल्या दुपारी किती ऊन होते याआधी रात्र कशी गेली हे विचारतो.

आकाशात ढग होते की चांदण्या, हा पहिला प्रश्न. निरभ्र आकाश असले की बर्फ आपली उष्णता मोकळेपणी आकाशात सोडून देतो. कोरड्या हवेत बाहेरचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरी बर्फाचा पृष्ठभाग गोठू शकतो. ढग आले की ते गोधडीसारखे काम करतात आणि उष्णता जाऊ देत नाहीत. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. निरभ्र रात्री कडाका वाढतो म्हणून तो बागेत शेकोट्या पेटवतो आणि आभाळ आले की थंडीपुरता तरी निश्चिंत होतो. हिमालयात नेमके उलटे होते. ढगाळ आणि उबदार रात्री मुक्कामाच्या तंबूत झोप छान लागते, पण वरचा उतार रात्रभर ओलाच राहतो. दुसऱ्या दिवशी तो दुपारची वाट पाहत नाही.

रात्री तीनला का उठवतात?

कुलू जिल्ह्यात पार्वती नदीच्या खोऱ्यात कसोलजवळ सर पास नावाची सुमारे १३,८०० फूट उंचीची खिंड आहे. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या मे महिन्यातल्या मोहिमांमुळे ती मराठी तरुणांच्या चांगल्याच परिचयाची झाली आहे. खिंड ओलांडायच्या दिवशी नगारूच्या मुक्कामावरून मुलांना रात्री तीनच्या सुमारास उठवतात आणि अंधारातच चालायला लावतात. घरी आल्यावर मुले या कडक शिस्तीच्या गोष्टी रंगवून सांगतात. त्या शिस्तीचे कारण वर सांगितलेल्या हिशेबात आहे. बर्फ टणक असेतोवर उतार पार व्हावा आणि ऊन डोक्यावर येण्याआधी पलीकडे उतरून जावे, एवढाच त्यामागचा हेतू असतो. एव्हरेस्टच्या वाटेवरचा खुंबू हिमप्रपातही गिर्यारोहक शक्यतो रात्री, डोक्याला दिवा बांधून ओलांडतात.

अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्याआधी रोहतांगचा रस्ता बंद असला की लाहौलच्या लोकांना ही १३,०५० फुटांची खिंड पायी ओलांडावी लागे. वाटेवर मढी आणि कोकसर येथे सरकारी बचाव चौक्या असत. हवामान पाहून, भल्या पहाटे, घोळक्याने निघण्याची तिथली रीत होती. उशीर झाला तर तो दिवस सोडून द्यायचा, हेही त्या रीतीतच बसत असे.

काठी, बूट आणि मूठ

बर्फाची साधी परीक्षा करायला फार साहित्य लागत नाही. सकाळी निघताना चालायची काठी उलटी करून बर्फात दाबावी. रात्र नीट गोठली असेल तर काठी सहजासहजी आत जात नाही. दोन-तीन सेंटिमीटरचा कडक पापुद्रा फुटून काठी एकदम खोल गेली तर समजावे, की वरची साय तेवढी धरली आहे, आत सगळे पातळच आहे. असा उतार दिसायला टणक दिसतो आणि नवख्याला हमखास फसवतो.

चालताना बुटाकडे लक्ष ठेवावे. वरचा बोट-दोन बोटे बर्फ मऊ झाला आणि खाली टणक लागत असेल तर चालणे सुखाचे असते. पाय घोट्यापर्यंत रुतू लागला की उतारावरून निघण्याची वेळ झाली. त्याहून खोल जाऊ लागला तर उशीर झाला आहे. तिसरी परीक्षा मुठीची. हातमोज्यात बर्फ घेऊन दाबावा. गोळा होत नसेल तर तो कोरडा. नुसता गोळा झाला तर ओलसर. गोळ्यातून पाणी पिळून निघाले तर तो उतार सोडावा.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणाही असतात. उतारावरून बर्फाचे लहान गोळे आपोआप घरंगळू लागतात आणि मागे पन्हळीसारखी रेघ सोडतात. उन्हाने तापलेल्या खडकांच्या भोवतीचा बर्फ सुटू लागतो. कधी उतारावर आडवी भेग पडून माशाच्या उघड्या तोंडासारखी रुंदावत जाते. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज येऊन आजूबाजूचा बर्फ किंचित खचतो. शेजारच्या उतारावर ताजा घसरलेला ढीग दिसला तर आणखी पुराव्याची गरजच नाही. सारख्याच दिशेच्या आणि सारख्याच चढाच्या उतारावर तेच घडायची शक्यता असते.

चढ किती, हेही पाहावे. मुलांच्या कंपासपेटीतले दोन गुण्ये आठवा. एकात ३० अंशांचा कोन असतो, दुसऱ्यात ४५ अंशांचा. बर्फाचे थर प्रामुख्याने या दोन कोनांच्या दरम्यानच्या उतारांवरून सुटतात. मात्र आपण सपाटीवर उभे आहोत म्हणून सुरक्षित आहोत, असे समजू नये. सुटलेला बर्फ सपाटीवर येऊनच थांबतो.

उताराचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावरून त्याची वेळ ठरते. पूर्वेकडचे उतार सूर्योदयानंतर लवकरच मऊ पडू लागतात, मग दक्षिणेकडचे आणि दुपारनंतर पश्चिमेकडचे. उत्तरेकडचे उतार सावलीत असतात, म्हणून त्यांची पाळी काही आठवड्यांनी येते. तिथे कोरड्या, सुट्या थरांत पहिल्यांदाच पाणी शिरते, तेव्हाचे दिवस विशेष जोखमीचे. पुढे रोज वितळून रोज गोठता गोठता बर्फ एकजीव होतो आणि पाण्याला वाहून जायला वाटा सापडतात. मग रात्रीची साथ मिळाली तर तोच उतार बराच भरवशाचा होतो.

सकाळचा निकाल दुपारी चालत नाही

जाणकार लोक बर्फात खड्डा खणून थर तपासतात. मूठ, चार बोटे, एक बोट, पेन्सिल आणि चाकू, यांपैकी काय आत जाते यावरून प्रत्येक थराचा टणकपणा ठरवतात. ३० सेंटिमीटर लांब-रुंद असा बर्फाचा खांब कापून त्यावर फावडे ठेवतात आणि मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा असे ठोके देतात. कितव्या ठोक्याला कोणता थर सरकतो, यावरून कच्चा दुवा सापडतो. हिवाळ्यातल्या कोरड्या बर्फात ही पद्धत फार उपयोगाची आहे.

वसंतात मात्र तिच्यावर विसंबता येत नाही. सकाळी सातला खणलेला खड्डा सातचेच सांगतो. अकरा वाजेपर्यंत पाणी आणखी वीतभर खाली उतरलेले असते. म्हणून मुरलेला वाटाड्या खड्ड्यापेक्षा आभाळाकडे, बुटाकडे आणि घड्याळाकडे अधिक वेळा पाहतो.

पाऊस किंवा नवी हिमवृष्टी झाली तर घड्याळही कामाचे नाही. पावसाचे पाणी दिवस-रात्र न पाहता बर्फात शिरते, शिवाय वर नवा भार चढतो. २३ एप्रिल २०२१ रोजी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात सुमनाच्या पुढे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या तळावर हिमस्खलन झाले. त्याआधी पाच दिवस त्या भागात जोराचा पाऊस आणि बर्फ पडत होता. लष्कराने ३८४ जणांना वाचवले, पण दहाहून अधिक कामगारांचे प्राण गेले. अशा हवेनंतर पहिले कडक ऊन पडते, त्या दिवशी आकाश निळे असते, छायाचित्रे सुरेख येतात आणि उतार सर्वात बेभरवशाचे असतात.

भारतात हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था १९६९ मध्ये मनालीत सुरू झाली. २०२० पासून संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या चंडीगड येथील नव्या संस्थेत ती सामावली आहे. तिथून जिल्हावार इशारे दिले जातात आणि प्रशासन ते लोकांपर्यंत पोचवते. वर जाण्याआधी हा इशारा विचारून घ्यावा. मात्र इशारा संपूर्ण विभागाचा असतो. समोरचा उतार ज्याचा त्यालाच पाहावा लागतो.

कुटुंबासह गेलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मे महिन्यात आजूबाजूला हिरवळ असताना एखाद्या नाळेत बर्फाचा मोठा ढीग दिसतो. तिथे घोडेवाले नेतात, मुले घसरगुंडी खेळतात. तो बर्फ पुष्कळदा तिथे पडलेला नसतो, वरून घसरून आलेला असतो. म्हणजे ती नाळ हिमस्खलनाची नेहमीची वाट आहे. शिवाय खालून ओढा वाहत असल्याने तो ढीग आतून पोकळ होत जातो. त्यावर चढून किंवा त्याच्या कमानीखाली उभे राहून फोटो काढण्याचा मोह आवरावा.

माघारीचे पैसे

हे सगळे माहीत असूनही माणसे का अडकतात? कारण बहुतेक वेळा अडचण बर्फ ओळखण्याची नसते, मन आवरण्याची असते. तंबूतून निघायला दोन तास उशीर झालेला असतो. रजा उद्या संपणार असते. गटातले दोघे दमलेले, पण खिंड समोर दिसते आहे. वाटाड्या म्हणतो, ‘आज नको.’ त्याला उत्तर मिळते, ‘एवढ्या लांबून आलो, पैसे भरले, आता इथून परत?’ पोटासाठी डोंगरात उभा असलेला तो माणूस गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून कधीकधी गप्प बसतो. ड्रायव्हरचेही तसेच. त्याने गाडी थांबवली तर तो आळशी ठरतो. पुढे नेली तर भला माणूस ठरतो. वाटाड्याला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक देणे, हे आपल्याच हातात असते. निघण्याआधीच त्याला सांगून ठेवावे, की तुम्ही थांबा म्हणालात तर आम्ही हुज्जत घालणार नाही आणि ठरलेले पैसे पूर्ण देऊ.

मुलांना मोहिमेवर पाठवणाऱ्या पालकांनीही आयोजकांना जेवणाखाण्याबरोबर दोन-चार प्रश्न विचारावेत. बर्फाचा उतार किती वाजता चढायला घेणार आणि किती वाजेपर्यंत सोडणार? रात्र ढगाळ गेली तर काय करणार? राखीव दिवस ठेवला आहे का? परत फिरण्याचा निर्णय कोणाचा, आणि तो सर्वांना बंधनकारक आहे का? ज्यांच्याकडे या प्रश्नांची सरळ उत्तरे असतात, त्यांच्या हाती मूल सोपवायला हरकत नाही.

उतार ओलांडणे टाळता येत नसेल तर एकेकाने, अंतर ठेवून जावे. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून जाणाऱ्यावर नजर ठेवावी. कुणी सापडलेच तर तो शेवटचा कुठे दिसला ती जागा लक्षात ठेवून, वरून आणखी बर्फ येत नाही ना हे पाहून, उरलेल्यांनी लगेच शोध सुरू करावा. सगळ्यांनी मदत आणायला धावू नये. गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटे मोलाची असतात आणि तेवढ्या वेळात मदत बाहेरून क्वचितच पोचते.

पण तिथवर वेळ येऊच नये, हेच चांगले. त्यासाठी मुक्कामाच्या रात्री झोपण्यापूर्वी एकदा तंबूबाहेर येऊन आभाळाकडे पाहावे. चांदण्या लखलखत असतील आणि थंडीने हात आखडत असतील तर पहाटेचा गजर लावावा. ढग दाटून आले असतील आणि हवा उबदार वाटत असेल, तर दुसरा दिवस खाली पत्ते कुटण्यात आणि चहा पिण्यात घालवावा. खिंड पुढच्या वर्षीही तिथेच असेल.